पाकिटापासून पडद्यापर्यंत : खिशातील संगीतयंत्रे आणि ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ

प्रस्तावना

ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासाचा विचार करताना आपल्याकडील अभ्यासकांचे लक्ष बहुधा गायक, घराणी आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्याकडे जाते. तबकडी ज्या पाकिटातून घरी येत असे त्या पाकिटाकडे, किंवा कॅसेटच्या डबीतील घडी घातलेल्या कागदाकडे, इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. २००१ नंतरच्या दशकात खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रांनी हे पाकीट नाहीसे केले आणि त्याच्या जागी नखाएवढे चित्र आणले. हे चित्र कोठून येते, कोठे साठविले जाते, ते कोणी चिकटवावयाचे असते आणि चिकटविताना काय गळून पडते, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि मुखपृष्ठ ही केवळ सजावट नसून ध्वनिमुद्रणाची ओळख पटविणाऱ्या व्यवस्थेचा तो एक भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ही ओळख पटविण्याची जबाबदारी प्रारंभी कंपनीची होती. या काळात ती श्रोत्याकडे आली. भारतीय संगीताच्या बाबतीत मात्र ही जबाबदारी श्रोत्याला पार पाडता येईल अशी पुरेशी सोय त्या यंत्रांत केलेलीच नव्हती.

तबकडीच्या अखेरीस उच्चारलेले नाव

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. गायनाच्या अखेरीस गौहर जान इंग्रजीतून स्वतःचे नाव सांगतात, हे जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांना परिचित आहे. अनेकांना ती गायिकेची लकब किंवा मिरवणे वाटते. वस्तुतः त्यामागे व्यावहारिक गरज होती. मुद्रण कलकत्त्यात झाले तरी तबकड्या निघत जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांना ना भाषा ठाऊक, ना गायिका. तबकडीच्या मध्यभागी चिकटवावयाच्या कागदी चकतीवर कोणाचे नाव छापावे हे त्यांना त्या आवाजातूनच कळत असे. म्हणजे ध्वनीच्या शेपटाला जोडलेले नाव ही या उपखंडातील ध्वनिमुद्रणाची पहिली ओळखचिठ्ठी होय. ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी, कारण ९४ वर्षांनंतर तीच युक्ती अगदी वेगळ्या रूपात पुन्हा योजली गेली.

७८ फेऱ्यांच्या तबकडीचे पाकीट साधे असे. तपकिरी किंवा रंगीत कागद, त्यावर कंपनीची जाहिरात, आणि मधोमध वर्तुळाकार छिद्र, ज्यातून चकतीवरील मजकूर वाचता येई. फ्रान्सिस बॅरो यांच्या चित्रातील कर्ण्यासमोरचा कुत्रा १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या मालकीचा झाला होता. पुढे कोणाचीही तबकडी घेतली तरी कुत्रा तोच. पाकीट कंपनीचे होते, गायकाचे नव्हते.

‘अल्बम’ हा शब्दही याच काळातला. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध पांढऱ्या फलकाशी आहे. पुढे तो छायाचित्रे किंवा तिकिटे चिकटविण्याच्या वहीसाठी रूढ झाला. एक दीर्घ रचना एका तबकडीत मावत नसल्यामुळे अनेक तबकड्यांची पाकिटे पुस्तकाप्रमाणे एकत्र बांधून विकण्यात येऊ लागली. अशा बांधणीवर स्वतंत्र चित्र काढण्याची कल्पना कोलंबिया कंपनीत १९३८ मध्ये रुजू झालेल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने अमलात आणली. १९४८ मध्ये त्याच कंपनीने १२ इंची दीर्घमुद्रिका, म्हणजे एलपी, बाजारात आणली आणि सुमारे ३१ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पुठ्ठा चित्रकारांच्या हाती आला. या पुठ्ठ्याला किती महत्त्व होते याचे एक उदाहरण भारताशी संबंधित आहे. बीटल्सच्या १९६७ मधील ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या एलपीच्या मुखपृष्ठावर थोरामोठ्यांच्या प्रतिमांची गर्दी आहे. तीत महात्मा गांधींची प्रतिमाही होती. भारतात नाराजी उद्भवेल या भीतीने ईएमआयचे प्रमुख जोझेफ लॉकवुड यांनी ती काढावयास लावली. एका चेहऱ्यासाठी कंपनीच्या प्रमुखाने लक्ष घालावे इतके ते चित्र मोठे होते, सर्व अर्थांनी.

भारतीय एलपीच्या बाबतीत मात्र प्रस्तुत लेखकाला मुखपृष्ठापेक्षा मलपृष्ठ अधिक मोलाचे वाटते. पुढील बाजूस बहुधा कलावंताचे छायाचित्र असे. मागील बाजूस राग, ताल, बंदिशीचे शब्द, तबल्याची आणि हार्मोनियमची साथ कोणाची, तानपुऱ्यावर कोण, आणि एखाद्या जाणकाराने लिहिलेले टिपण. नाट्यसंगीताच्या एलपीवर नाटकाचे व नाटककाराचे नाव, भावगीतांच्या एलपीवर कवी आणि संगीतकार यांची नावे गायकाच्या बरोबरीने येत. साथीदारांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या मलपृष्ठांइतके सलग छापील साधन दुसरे सापडणे कठीण. कॅसेट आल्यावर जागा कमी झाली. डबीच्या दर्शनी भागाचे क्षेत्रफळ एलपीच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतके. पण कागदाला घड्या घालता येत, म्हणून आतील बाजूस बारीक टायपात का होईना, ही माहिती टिकून राहिली. सीडीबरोबरच्या पुस्तिकेतही ती राहिली.

एकशे अठ्ठावीस बाइट

१९८२ मध्ये आलेल्या सीडीत एक विलक्षण उणीव होती, तिच्याकडे त्या वेळी कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. सामान्य ध्वनिसीडीवर गाण्यांची नावेच नोंदलेली नसतात. तिच्यात असतात ते केवळ ध्वनीचे अंक आणि प्रत्येक गाण्याची सुरुवात दर्शविणारे आकडे. नावे पुस्तिकेवर छापलेली असल्यामुळे यंत्राला ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे संगणकावर सीडीची नक्कल करून एमपी-३ फाइली बनविण्याची रीत पडली तेव्हा ही उणीव उघडी पडली. फाइलीला पुस्तिका नाही, पाकीट नाही. संगणकाच्या दृष्टीने सगळीच गाणी ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’.

१९९६ मध्ये एरिक केम्प यांनी यावर जो तोडगा काढला तो आयडी-३ या नावाने ओळखला जातो. एमपी-३ फाइलीच्या अगदी शेवटी त्यांनी १२८ बाइटांचा एक तुकडा जोडला. त्यात ३ बाइट खुणेचे, गाण्याचे नाव, कलावंत आणि अल्बम यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, आणि संगीतप्रकाराला एक. ध्वनी संपल्यानंतर नाव सांगावयाचे, ही गौहर जान यांच्या तबकडीवरील रीतच येथे अंकांच्या भाषेत परत आलेली दिसते. फरक इतकाच की, त्या वेळी नाव गायिकेने स्वतः सांगितले होते. आता ते टंकलिखित करण्याचे काम फाइल बनविणाऱ्याचे होते.

या १२८ बाइटांची रचना कोणाला डोळ्यांपुढे ठेवून केली होती हे सांगावयास नको. रोमन लिपीतील एका अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत ३ बाइट लागतात आणि मात्रा, वेलांटी यांची गणना वेगळी होते. ‘भीमसेन जोशी’ हे नाव या पद्धतीने लिहून पाहिल्यास १० चिन्हांचे ३० आणि मधल्या मोकळ्या जागेचा १ असे ३१ बाइट होतात. मर्यादा ३० ची. शेवटची वेलांटी तुटते आणि तिच्या जागी निरर्थक खूण उमटते. एका बाइटाने पंडितजींचे नाव अपुरे पडावे हा योगायोग खरा, परंतु बोलका आहे. संगीतप्रकारांच्या मूळ यादीत ८० प्रकार होते. त्यात पोल्का आहे; ख्याल, ठुमरी, भावगीत यांपैकी काहीही नाही. आपल्या संगीतासाठी ‘एथ्निक’ या एका कप्प्यावर भागवावे लागे.

१९९८ मध्ये मार्टिन निल्सन आणि इतरांनी आयडी-३ची दुसरी आवृत्ती सिद्ध केली. हा टॅग फाइलीच्या प्रारंभी असतो, त्याची लांबी वाढविता येते, युनिकोडची सोय आहे आणि संगीतकारासाठी, गीतकारासाठी निरनिराळे रकाने आहेत. याच आवृत्तीत चित्र जोडण्याची व्यवस्था प्रथम आली. चित्राचे एकूण २१ प्रकार कल्पिलेले आहेत. तिसरा क्रमांक मुखपृष्ठाचा, चौथा मलपृष्ठाचा, पाचवा पुस्तिकेतील पानाचा. आणखी मुख्य कलावंत, वाद्यवृंदाचा संचालक, ध्वनिमुद्रणाचे स्थळ इत्यादी. सतराव्या क्रमांकावर ‘भडक रंगाचा मासा’ असा प्रकार आहे. ही अर्थात रचनाकारांची थट्टा होय. तरीही माशाला जागा आहे आणि रागाला नाही, ही गोष्ट संगीताच्या विद्यार्थ्याला टोचल्याशिवाय राहत नाही.

येथे एक मुद्दा आग्रहाने नोंदविणे आवश्यक वाटते. मलपृष्ठ हरवले याचा दोष बहुधा तंत्राच्या मर्यादेला दिला जातो. परंतु १९९८ च्या प्रमाणकात मलपृष्ठ आणि पुस्तिका या दोहोंना जागा होती. ती जागा रिकामी राहिली ती वापराच्या सवयीमुळे आणि एकच चित्र दाखविणाऱ्या यंत्रांमुळे.

खिशातील पडदा

१९९८ मध्ये आलेली एमपी-३ प्लेअरची पहिली यंत्रे, उदाहरणार्थ ३२ मेगाबाइटांचे रिओ, चित्र दाखवू शकत नव्हती. २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झालेल्या आयपॉडचा पडदाही एकरंगी होता. त्यात १००० गाणी मावत, आणि ती सर्व केवळ नावांच्या यादीने शोधावी लागत. २००३ मध्ये आयट्यून्सच्या चौथ्या आवृत्तीत संगणकावर मुखपृष्ठ जोडण्याची सोय झाली. ऑक्टोबर २००४ च्या रंगीत पडद्याच्या आयपॉडवर ते चित्र प्रथम खिशात आले. तेथून पुढची काही वर्षे जगभरच्या श्रोत्यांनी आपापल्या संग्रहांना चित्रे चिकटविण्यात घालविली.

हे काम दिसते तितके सरळ नव्हते. चित्र ठेवण्याच्या मुख्यतः दोन रीती होत्या. पहिली, अल्बमच्या फोल्डरमध्ये एक स्वतंत्र चित्रफाइल ठेवावयाची. विंडोज मीडिया प्लेअर ‘फोल्डर’ या नावाची २०० पिक्सेल लांबी-रुंदीची जेपेग फाइल लपवून ठेवीत असे. रॉकबॉक्स ही मुक्त प्रणाली ‘कव्हर’ या नावाच्या बिटमॅप चित्राचा शोध घेई. जेपेग वाचण्याची क्षमता तिला नंतर आली. या रीतीत दहा गाण्यांना एक चित्र पुरते, पण गाणे त्या फोल्डरमधून बाहेर काढले की ते चित्रहीन होते. दुसरी रीत चित्र टॅगमध्येच बसविण्याची. येथे गाणे आणि चित्र यांची ताटातूट होत नाही. परंतु प्रत्येक गाण्यात त्याच चित्राची प्रत भरावी लागते. ३०० किलोबाइटांचे चित्र १२ गाण्यांत भरले तर ३.६ मेगाबाइट जागा जाते, म्हणजे त्या काळी रूढ असलेल्या १२८ किलोबिटांच्या दर्जाचे जवळजवळ चार मिनिटांचे एक गाणे. मोजक्या जागेच्या यंत्रात एका चित्रापायी एक गाणे सोडावे लागे.

आयपॉडने तिसराच मार्ग स्वीकारला होता. संगणकावरील चित्र कितीही मोठे असले तरी आयट्यून्स त्याच्या दोन लहान प्रती करून यंत्रातील वेगळ्या कोठारात ठेवी. २००५ च्या पहिल्या आयपॉड नॅनोत यांपैकी एक प्रत ४२ पिक्सेल आणि दुसरी १०० पिक्सेल लांबी-रुंदीची असे. त्या पडद्याच्या आकारमानावरून हिशेब केल्यास मोठ्या प्रतीची बाजू पावणेदोन सेंटिमीटरांच्या आसपास येते. एलपीच्या पुठ्ठ्याचा सुमारे तीनशेवा हिस्सा. तेवढ्या जागेत कलावंताचा चेहरा ओळखू येई. त्याखालचा एकही शब्द वाचता येत नसे.

प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या अडचणी निराळ्याच. काही यंत्रे टप्प्याटप्प्याने उलगडणारी जेपेग चित्रे वाचू शकत नसत; संगणकावर दिसणारे चित्र यंत्रावर काळे पडे आणि त्याचे कारण वापरणाऱ्याला कळत नसे. निवडक भावगीतांच्या संग्रहात बारा गाणी बारा गायकांची असली तर अनेक यंत्रे कलावंताच्या नावाने गट पाडून एका अल्बमचे बारा अल्बम करीत आणि तेच मुखपृष्ठ यादीत बारा वेळा येई. एका फाइलीत ‘पं.’, दुसरीत ‘पंडित’ आणि तिसरीत नुसते नाव असेल तर एकाच गायकाचे तीन गायक होत. ग्रंथालयशास्त्रात नामनोंदींचे जे नियम आपले ग्रंथपाल शिकतात, ते नकळत प्रत्येक श्रोत्याला स्वतःसाठी नव्याने शोधावे लागले.

हे श्रम कमी करण्यासाठी सामायिक सूचींचा उपयोग झाला. १९९० च्या दशकात सुरू झालेली सीडीडीबी ही सूची सीडीतील गाण्यांच्या लांबीवरून तिची ओळख पटवी, आणि तीतील नोंदी हौशी श्रोत्यांनी भरलेल्या होत्या. ती व्यापारी झाल्यावर मुक्त पर्याय उभे राहिले. सप्टेंबर २००६ मध्ये आयट्यून्सच्या सातव्या आवृत्तीने मुखपृष्ठे आपोआप आणून देण्याची आणि ती एकामागून एक उलटत पाहण्याची ‘कव्हर फ्लो’ ही सोय दिली. २००७ मध्ये ती आयपॉडवर आली. रेकॉर्डच्या दुकानात उभ्या लावलेल्या एलपी बोटांनी चाळण्याचा तो आभास होता, आणि चांगला होता हे मान्य करावयास हवे. पण आपोआप चित्र येण्यासाठी आयट्यून्स स्टोअरचे खाते लागे, आणि भारतात ते दालन डिसेंबर २०१२ मध्ये उघडले. कव्हर फ्लो तर त्याच्या आदल्याच महिन्यात आयट्यून्समधून काढून टाकण्यात आला होता.

आपल्याकडे दरम्यान दुसरेच घडत होते. बहुसंख्य श्रोत्यांचे संगीतयंत्र म्हणजे मेमरी कार्ड असलेला मोबाइल, आणि गाणी भरून देणारे ठिकाण म्हणजे नाक्यावरचे दुकान. त्या गाण्यांच्या टॅगमध्ये मुखपृष्ठाच्या जागी पुष्कळदा गाणी अनधिकृतपणे पुरविणाऱ्या संकेतस्थळाचा पत्ताच चित्र म्हणून बसविलेला असे. गायकाच्या नावापुढेही तोच. शंभर वर्षांपूर्वी सर्व पाकिटांवर एकच कुत्रा होता, तसाच हा प्रकार. चित्रपटगीतांचे त्यात फारसे बिघडले नाही, कारण तेथे अल्बम म्हणजे चित्रपट आणि मुखपृष्ठ म्हणजे त्याचे पोस्टर, जे सर्वांना तोंडपाठ असते. नुकसान झाले ते मैफलीच्या संगीताचे, नाट्यपदांचे, कीर्तनाचे आणि पोवाड्याचे.

एका ग्रंथालयाची हकिकत

प्रस्तुत लेखकाने पाहिलेले एक उदाहरण येथे देणे अप्रस्तुत होणार नाही. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या काही शे कॅसेट होत्या. त्या खराब होऊ लागल्यामुळे एका सुटीत त्यांचे एमपी-३ रूपांतर करून घेण्यात आले. काम देताना ध्वनीच्या दर्जाविषयी अटी घातल्या होत्या. माहितीविषयी एकही नव्हती. रूपांतर झाल्यावर कॅसेट आणि डब्या रद्दीत गेल्या. हाती आलेल्या फाइलींत गायकाचे नाव होते, काहींत महाजालावरून उतरविलेले छायाचित्रही होते. पण ‘बाजू अ’ आणि ‘बाजू ब’ यापलीकडे पुष्कळ ठिकाणी काहीच नव्हते. राग जाणकाराला ऐकून सांगता येतो, बंदिशही शोधता येते. तबल्यावर कोण आहे, मुद्रण कोणत्या वर्षीचे, हे कानाने सांगणारे लोक दिवसेंदिवस कमी होत आहेत. गायकाचा चेहरा प्रत्येक फाइलीवर होता, म्हणून संग्रह पूर्ण दिसत होता. मला तरी हेच अधिक घातक वाटते. चित्र नसते तर काहीतरी राहिले आहे हे निदान लक्षात आले असते.

खासगी संग्राहकांची जाण याबाबत संस्थांपेक्षा अधिक होती. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या परिवारात तबकडीइतकेच तिची चकती, तिच्यावरील क्रमांक आणि कंपन्यांची जुनी सूचिपत्रे यांचे मोल ओळखले जाते. त्यांच्या दृष्टीने क्रमांक नसलेली तबकडी म्हणजे शिलालेखाचा ठसा आहे आणि गाव ठाऊक नाही, अशी स्थिती.

यंत्राचा अस्त

सप्टेंबर २०१४ मध्ये आयपॉड क्लासिकची विक्री थांबली आणि मे २०२२ मध्ये आयपॉडचे शेवटचे रूपही बंद करण्यात आले. आता गाणी यंत्रात साठवावी लागत नाहीत, तारेवरून येतात. मुखपृष्ठ त्यांच्याबरोबर येते आणि श्रोत्याला ते बदलता येत नाही. चिकटविण्याचे श्रम संपले, तसा दुरुस्तीचा अधिकारही संपला. जुनी मुद्रणे तेथे नव्या, एकसारख्या मुखपृष्ठांनिशी प्रसिद्ध होतात आणि वर्ष म्हणून अनेकदा पुनःप्रकाशनाचे वर्ष दाखविले जाते. १९६० च्या दशकातील मैफल २०१० च्या दशकातील भासते. विद्यार्थी प्रबंधात तेच वर्ष उतरवितात आणि मार्गदर्शकालाही ते खटकत नाही.

श्रोत्यांनी गोळा केलेली माहिती अगदीच वाया गेली असे मात्र नाही. म्युझिकब्रेन्झ ही मुक्त सूची आणि इंटरनेट आर्काइव्ह यांनी २०१२ मध्ये कव्हर आर्ट आर्काइव्ह हा उपक्रम सुरू केला. त्यात पुढील बाजू, मागील बाजू, पुस्तिकेची पाने आणि तबकडीची चकती यांची चित्रे वेगवेगळ्या नोंदींखाली जतन होतात.

वर उल्लेखिलेल्या ग्रंथालयाच्या माळ्यावर काही महिन्यांनी एक पुठ्ठ्याचे खोके सापडले. कॅसेटमधील कागद कोणा शिपायाने फेकून न देता रबरबँड लावून ठेवले होते. सगळे नव्हते, निम्म्याहून कमीच. ते सपाट करून, दोन्ही बाजूंची प्रतिमा घेऊन, संबंधित फाइलींत तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाचे चित्र म्हणून आम्ही जोडले आणि साथीदारांची नावे शेऱ्याच्या रकान्यात देवनागरीत टंकलिखित केली. ज्या प्लेअरवर त्या फाइली लावून पाहिल्या त्यावर चौथ्या क्रमांकाचे चित्र दिसत नाही. फाइलीत ते आहे.